बाण सुटल्यानंतरचे दायित्व

विष्णुपुरीच्या बंधाऱ्यापासून गोदावरीच्या प्रवाहाबरोबर खाली नांदेडकडे येऊ लागले, की ज्या नदीला आपण स्नानसंध्येची, श्राद्धपक्षाची आणि काळेश्वराच्या दर्शनाची नदी म्हणून ओळखतो, तिच्याच काठी धनुष्यबाणाच्या आणि मृगयेच्याही जुन्या स्मृती वसल्या आहेत, हे ध्यानात येते. शिकारघाट या नावाचा गुरुद्वारा या परिसरात आहे. श्री गुरू गोविंदसिंगांनी एका सशाची शिकार करून त्या देहात अडकलेल्या जीवाला मुक्ती दिली, अशी त्या स्थानाविषयी शीख भाविकांची श्रद्धा आहे. नांदेडच्या बंदाघाटाशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या पुरुषाची कथा तर याहूनही अंतर्मुख करणारी आहे. १६७० साली राजौरीच्या मुलुखात जन्मलेल्या लक्ष्मणदेव नावाच्या तरुणाने एका हरिणीवर बाण सोडला, ती पडली, तिचे पोट चिरले तेव्हा आतून निघालेली पाडसे त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली, आणि त्या दर्शनाने विद्ध झालेला तो शिकारी घरदार टाकून बैरागी झाला व देशोदेशी हिंडत अखेर गोदातीरी माधोदास या नावाने आश्रम करून राहिला, असे परंपरा सांगते. १७०८ साली याच ठिकाणी त्याची गुरूंशी भेट झाली, माधोदासाचा बंदासिंग झाला, आणि पंजाबच्या मोहिमेवर निघताना गुरूंनी त्याला आपल्या भात्यातील पाच बाण दिले.

हरिणीच्या मृत्यूने ज्याच्या हातून धनुष्य गळून पडले, त्याच हातात पुन्हा बाण ठेवले गेले, ही गोष्ट मला या कथेतील सर्वांत विचारणीय गोष्ट वाटते. तिचा अर्थ इतिहासकार आपल्या परीने लावतील. मला मात्र असे वाटते, की बाण हातातून सुटल्यानंतर काय काय करतो हे ज्याने एकदा जवळ बसून पाहिले आहे आणि ते पाहून जो हादरला आहे, त्याच्याच हाती शस्त्र देणे काहीसे निर्धोक असते.

या कथेच्या उजेडात, बाह्यतः केवळ बाजारहाटाचा वाटणारा एक आजचा प्रश्न तपासून पाहावासा वाटतो. अमेरिकेत शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम सुरू होतो, आणि धनुष्याने शिकार करणाऱ्या तेथील मंडळींत अलीकडे एक वाद रंगतो : क्रॉसबो विकत घ्यावा की नाही? क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवे बसविलेले धनुष्य. त्याची प्रत्यंचा एकदा ओढून खाचेत अडकविली, की ती शिकाऱ्याच्या बाहुबळावाचून ताणलेलीच राहते. वर दुर्बीण बसविता येते. आणि घोडा दाबताच आखूड बाण सेकंदाला तीनशे फुटांहून अधिक वेगाने निघून जातो. साध्या धनुष्याला जो अनेक महिन्यांचा सराव लागतो, त्याचा फार थोडा अंश येथे पुरतो. म्हणूनच तेथील अनेक राज्यांत हे हत्यार पूर्वी केवळ वृद्धांना व अपंगांना परवानगीने वापरता येत असे. पुढे एकेका राज्याने ते सर्वांना खुले केले, विस्कॉन्सिनने २०१४ साली. जुन्या धनुर्धरांना हा आपल्या विद्येचा अवमान वाटतो. नव्यांचे म्हणणे असे, की बाण अचूक बसून जनावर लवकर मरत असेल तर आक्षेप कशाला? आणि या हत्याराविषयीची अस्वस्थता आजची नव्हे. ११३९ साली रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने धनुष्य व क्रॉसबो ही दोन्ही ख्रिस्ती माणसांविरुद्ध वापरण्यास बंदी केली होती. हरणांचा विचार त्या ठरावात अर्थातच नव्हता.

दोन्ही पक्षांची बाजू ऐकताना मला राहून राहून वाटते, की हा सगळा वाद शिकाऱ्याच्या अंगणात चालला आहे. आपल्याकडील मृगयेचा कैवारही याच अंगणातला आहे. राजाच्या व्यसनांचे तारतम्य ठरविताना कौटिल्याने द्यूतापेक्षा मृगया बरी म्हटली, ती का, तर तिने व्यायाम होतो, कफपित्त व मेद झडतात, चल आणि अचल लक्ष्यांवर नेम धरण्याचा अभ्यास होतो, आणि क्रोधाने वा भयाने क्षुब्ध झालेल्या पशूंच्या चित्ताचे ज्ञान मिळते. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात कालिदासाचा सेनापतीही जवळजवळ हीच यादी दुष्यंताला ऐकवितो. यांतला एकेक लाभ खरा असेल, परंतु प्रत्येक लाभ मारणाऱ्याच्या पदरात पडणारा आहे. अमेरिकन धनुर्धर ज्याला न्याय्य सामना म्हणतो, त्यातही न्याय शिकाऱ्या-शिकाऱ्यांमधला आहे; सोप्या हत्याराने मिळविलेली शिंगे अवघड हत्याराने मिळविलेल्या शिंगांच्या पंक्तीला बसवावी की नाही, एवढाच तो निवाडा. हरणाने या सामन्यात उतरण्याचा करार केलेला नाही. त्याच्या बाजूने प्रश्न दोनच : मरण किती वेळात येणार, आणि जखम होऊन निसटलो तर मागोमाग कोणी येणार की नाही? बाणाने मृत्यू येतो तो रक्तस्रावाने. नेम उत्तम बसला तरी जनावर धावत सुटते आणि काही अंतरावर कोसळते. नेम चुकला तर झुडपात शिरून ते किती काळ जिवंत राहते, हे मारणाऱ्याला कळतही नाही. ज्या सरावाचा अभिमान जुने धनुर्धर बाळगतात त्याचे खरे समर्थन मला येथेच दिसते. सरावाने आपल्या हाताची मर्यादा कळते, आणि मर्यादा कळलेला माणूस पुष्कळदा बाण सोडतच नाही.

महाशिवरात्रीच्या कथेत नेमके हेच घडते. श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृताने महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचविलेली ती व्याधाची कथा आपण व्रताची फलश्रुती म्हणून ऐकतो, पण तिच्यातील शिकाऱ्याची स्थिती क्वचितच न्याहाळतो. रात्रभर तो बेलाच्या झाडावर बसलेला आहे, उपाशी आहे, जागा आहे, बाण जोडलेला आहे, आणि समोर आलेली हरिणी बोलते आहे. तिचे ऐकून घेण्याइतका अवधी त्याने मध्ये ठेवला, म्हणून तो उद्धरला. बेलाची पाने नकळत खाली पडत राहिली हे पुण्य खरेच. पण जोडलेला बाण न सोडता थांबणे हे मला त्याहून मोठे शिवार्चन वाटते. तेव्हा क्रॉसबोच्या बाजूने एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली पाहिजे. साध्या धनुष्याची दोरी ओढून धरलेल्या माणसाचे दंड काही क्षणांत थरथरू लागतात आणि पुष्कळदा तो थकव्यापोटीच बाण सोडून देतो. यंत्राने धरून ठेवलेली दोरी मात्र त्याला हवा तितका वेळ थांबू देते, समोरची मादी गाभण आहे काय, मागे पाडस आहे काय, हे निरखू देते. यंत्राने वाचविलेले बळ माणूस निरखण्यासाठी खर्च करतो की उतावीळपणासाठी, हे मात्र यंत्राला ठरविता येत नाही.

मराठी मुलुखात या विषयाचे जे ज्ञान होते ते ग्रंथांपेक्षा फासेपारध्यांपाशी अधिक होते. त्यांचा फास म्हणजे वाटेवर मांडलेली दोरीची वेटोळी. शिकवून तयार केलेल्या बैलाच्या आडोशाने कळपाजवळ जाण्याची त्यांची हातोटी प्रसिद्ध आहे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी नोंदविले आहे, की फासात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडसे हे लोक सोडून देत असत. ज्या समाजाला इंग्रजी अमदानीने १८७१ च्या कायद्याच्या आधारे जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि ज्याच्यावरचा तो शिक्का १९५२ साली कागदोपत्री पुसला गेला, त्याच्या शिरस्त्यात लक्ष्मणदेवाला हरिणीचे पोट चिरल्यावर झालेले ज्ञान आधीच रुजलेले होते, याची दखल आपल्या धर्मचर्चेने घेतलेली मला आढळत नाही. फास हे हत्यार शूर नाही; त्यात सामना नाही. परंतु फास मांडणारा परत येतो, सापडलेल्या जनावराच्या डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि सोडावे की मारावे हा निर्णय त्याला तेथे, हातभर अंतरावरून घ्यावा लागतो.

आमच्या नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याला हरणाचा प्रश्न हौसेने पडत नाही. जूनमध्ये मृग नक्षत्र लागले की तो पेरणीला लागतो. आकाशातल्या त्या मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला आहे आणि जवळच व्याध चमकतो आहे, हे चित्र आपल्या पूर्वजांनी ऐतरेय ब्राह्मणाच्या काळीच पाहून ठेवले होते, व लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या आपल्या ‘ओरायन’ ग्रंथात त्यावरून वेदकालाची गणना केली. जमिनीवरचा मृग मात्र उगवून आलेले सोयाबीनचे कोंब खातो. पुढे रब्बीत हरभऱ्याच्या घाट्यांवर काळविटांचे कळप उतरतात, रोही उभी तूर तुडवितात, रानडुकरे एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतात. माळराने नांगरटीखाली गेली, गायराने आक्रसली, आणि पाण्याच्या सोयीने जेथे हिरवे पीक बारमाही राहिले तेथे जनावरे ओढली गेली, यात त्यांचा कसूर काय? पण रात्रभर जागल करणाऱ्या कुणब्याला हा प्रश्न विचारणे क्रूरपणाचे आहे.

कायदा येथे निःसंदिग्ध आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी केली, आणि शिकारीच्या व्याख्येत फास लावणे, विष घालणे व तसा प्रयत्न करणे हेही घातले. हत्यार कोणते, हा प्रश्न तेथे गौण. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या हत्येस तीन ते सात वर्षांची कैद आहे. रोही व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत असल्याने पिकांच्या नुकसानीबद्दल अर्ज, पंचनामा आणि सक्षम अधिकाऱ्याचा लेखी हुकूम या मार्गाने त्यांना मारण्याची परवानगी मिळू शकते. बिहारात २०१६ साली मोकाम्याच्या परिसरात हैदराबादेहून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी, म्हणजे रोहीच, मारल्या, तेव्हा केंद्रातलेच दोन मंत्री एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते.

अर्जाची वाट न पाहता जे काही ठिकाणी घडते ते अधिक भयंकर आहे. कुंपणाच्या तारेत वीज सोडून माणूस घरी जाऊन झोपतो. कणकेच्या गोळ्यात स्फोटक घालून बांधावर ठेवतो. तारेला कोण चिकटले, काळवीट, शेजाऱ्याची गाय की पहाटे पाणी द्यायला निघालेला मजूर, हे त्याला सकाळी कळते. गोळा चावलेल्या डुकराचा जबडा फुटतो आणि ते उपासमारीने मरत राहते. जैन आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद करून गृहस्थाला पहिलीचा कडकडीत त्याग सांगितला, आणि शेती, संसार व संरक्षण यांत अटळपणे घडणारी हिंसा शक्य तितकी कमी करीत जाण्यास सांगितले. या विवेकाने पाहता पीकरक्षणासाठी केलेला वध विरोधी हिंसेत धरता येईल, आणि अमेरिकन शिकाऱ्याची हंगामी हौस, तो मांस खात असला तरी, बव्हंशी संकल्पी ठरेल. पण विजेच्या तारेला मी कोणत्या भेदात घालू? तेथे शत्रूच ठरलेला नाही. मारणारा अनुपस्थित आहे. ती हिंसा रक्षणाचे नाव घेते आणि रक्षणकर्त्याला आपल्या कृत्याच्या साक्षीतून मुक्त करते. विरोधी हिंसेच्या नावाचा आश्रय घेऊन येणारी ही हिंसा, मृगयेच्या व्यसनाहूनही मला अधिक अधर्म्य वाटते.

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी विषाची सुई देवविली, त्या वेळी देशभर गदारोळ झाला. त्याच प्रसंगी त्यांनी आश्रमाच्या पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचा प्रश्नही उघडपणे मांडला आणि आपल्या मनाची द्विधा झाकली नाही. त्या प्रसंगातील एक तपशील मला मोलाचा वाटतो : सुई दिली डॉक्टरने, पण गांधीजी तेथे समक्ष उभे होते. हुकूम देऊन ते दुसरीकडे गेले नाहीत.

म्हणून, कोणी मराठी गृहस्थ परदेशी स्थायिक होऊन तेथील हंगामात क्रॉसबो घेण्याचा विचार करीत असेल, तर त्याला मी प्रथम हेच विचारीन, की मारण्याची गरज आहे काय. आणि केवळ करमणूक हे उत्तर आले तर साधे धनुष्य श्रेष्ठ की यंत्रधनुष्य, या चर्चेत शिरण्याचे मला कारण दिसत नाही. तेथील काही भागांत लांडगे उरले नाहीत, हरणे बेसुमार वाढली आणि झाडांचे नवे कोंब ती वाढू देत नाहीत, ही गरज खरी आहे. ती मान्य केली तर हत्यार निवडताना आपल्या कौशल्याची प्रतिष्ठा बाजूला ठेवून जनावराला कमीत कमी वेळात मृत्यू देणारे हत्यार घ्यावे. ते क्रॉसबो असेल, बंदूकही असेल. आणि त्या हत्याराच्या सोपेपणामुळे जो सराव टळतो तो न टाळता पुरा करावा. आमच्या जिल्ह्यांत रोह्यांसाठी परवानगी देणाऱ्या अमलदारानेही हुकुमात एवढे कलम घालावे, की नेमबाज सिद्धहस्त असावा, गोळी दिवसाउजेडी सुटावी, जखमी जनावराचा माग सोडून कोणी परत फिरू नये, आणि ज्याच्या शेतासाठी हे चालले आहे त्या शेतमालकाने अखेरपर्यंत तेथे थांबावे. शेतमालकाला हे कलम जड वाटेल. बंदासिंगाच्या गावाजवळ ते घालण्यास मला संकोच वाटत नाही.