बोटं नसलेल्या देवीचा कंगवा

फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये देवाची जादुई वस्तू बनवायला पाच मिनिटं लागतात. नाव द्यायचं, दोन ओळी इतिहास लिहायचा, आकडे टाकायचे. ‘शिकारदेवाचा भाला. हल्ल्याला +3. जवळ असेपर्यंत पाण्याखाली श्वास घेता येतो. दिवसातून एकदा लाट बोलावता येते.’ झालं. खेळणारा हे आपल्या कॅरेक्टर शीटवर उतरवून घेतो आणि पुढच्या लढाईत फाशावर जो आकडा पडेल त्यात तीन मिळवतो. भाला आधी कोणाचा होता, त्याने कोणकोण मेलं, याचा त्या तीनशी काही संबंध नसतो.

ज्यांनी हा प्रकार कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापून आला. टेबलाभोवती चार-पाच माणसं, एकेकाचं एक पात्र, आणि सगळं जग सांभाळणारा एक जण, डंजन मास्टर. मी आमच्या टेबलावर ते काम करते. दर रविवारी, पाच जणांसाठी, तीन वर्षं झाली. आता आमची मंडळी किनाऱ्यावर पोचली आहेत आणि मला समुद्राचं आणि शिकारीचं मिळून एक दैवत हवंय, त्याच्या दोन-तीन वस्तूही हव्यात. पाच मिनिटांचं काम. महिना गेला.

अडलं ते किमतीपाशी. शक्तिशाली वस्तू फुकट मिळाली तर गोष्ट मरते, हे हा खेळ लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. 1976 च्या एका पुरवणीत व्हेक्ना नावाच्या जादूगाराचा हात आणि डोळा आले. आजही ते या खेळातले सगळ्यांत प्रसिद्ध अवशेष आहेत. डोळा वापरायचा तर आपला एक डोळा काढून त्या खोबणीत तो बसवायचा. हात हवा तर आपला हात मनगटापासून तोडायचा. 2014 च्या आवृत्तीत हिशोब सौम्य झाला: कोणालाही एका वेळी जास्तीत जास्त तीनच ताकदवान वस्तूंशी नातं जोडता येतं, चौथी हवी तर एक सोडा. दोन्हींमागची कल्पना एकच. ज्याला ताकद हवी त्याने किंमत मोजावी. सौदा सरळ आहे, आणि मला तो फार दिवस न्याय्य वाटायचा.

खेळात समुद्राचा शिकारी देव तयार मिळतो, सेकोला. साहुआगिन नावाच्या मत्स्यमानवांचा हा देव म्हणजे एक प्रचंड पांढरा शार्क. तो हुकूम सोडतो, शिकार मागतो, दुबळ्यांना खातो. त्याचा दात गळ्यात घातला तर काय होईल हे सांगायला डंजन मास्टरची गरज नाही. मी पानं उलटली आणि पुढे गेले.

मग सेडनापाशी येऊन थांबले. नाव ओळखीचं वाटेल. 2003 साली नेपच्यूनच्या पलीकडे सापडलेल्या एका लालसर खगोलाला तिचं नाव दिलंय. सेडना ही आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांची समुद्राच्या तळाशी राहणारी स्त्री. प्रदेशागणिक तिची नावं बदलतात, नुलियाजुक हे त्यातलंच एक, आणि कथाही बदलते. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने 1888 मध्ये छापलेल्या कथेत ती एका समुद्रपक्ष्याच्या भूलथापांना बळी पडून त्याच्याशी लग्न करते. बाप तिला सोडवून नावेतून परत आणतो, पण चिडलेले पक्षी वादळ उठवतात, आणि बाप स्वतःचा जीव वाचवायला पोरीलाच पाण्यात टाकतो. ती नावेची कड धरते. तो सुरीने तिची बोटं कापतो, एकेक पेर करत. पेरं पाण्यात पडतात आणि त्यांचे सील होतात, व्हेल होतात. दुसरीकडे ती एक अनाथ पोर आहे, जिचं कोणीच नाही म्हणून बाकीच्यांनी तिला तराफ्यावर चढू दिलं नाही. बोटं तिथेही कापली जातात.

हे वाचल्यावर माझी भाल्याची कल्पना फार पोरकट वाटायला लागली. कारण इथे देवीचा अवशेष कुठल्या गुहेत, सोन्याच्या पेटीत ठेवलेला नाही. प्रत्येक सील हा तिचा अवशेष आहे. तोच लोक खातात. त्याच्या चरबीवर दिवा जळतो, त्याच्या कातड्याचे बूट होतात. एका मुलीवर झालेल्या अत्याचारातून जे उरलं त्यावर सगळी माणसं जगताहेत, आणि ते त्यांना माहीत आहे. ज्यांनी ही कथा शेकडो हिवाळे सांगितली त्यांनी बापाला शूर किंवा लाचार ठरवून सुटका करून घेतली नाही. ती खाली बसलीये आणि तिचा राग खरा आहे.

राग आला की ती प्राणी स्वतःपाशी अडवून ठेवते. वर माणसं उपाशी. तिला राग येतो तो नियम मोडल्याचा: शिकारीचे, मृत्यूचे, बाळंतपणाचे नियम. लोकांचे अपराध घाण होऊन खाली तिच्या केसांत अडकत जातात. आणि तिला बोटं नसल्यामुळे स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. मग अंगाकुक, म्हणजे त्यांचा मांत्रिक, सगळ्यांच्या समोर बसून समाधीत जातो, समुद्राच्या तळाशी पोचतो आणि तिचे केस विंचरून देतो. तो तिला हरवत नाही, मारत नाही. विंचरतो.

क्नुड रासमुसेन स्वतः ग्रीनलँडमध्ये वाढलेला, ती भाषा लहानपणापासून बोलणारा. 1921 ते 1924 च्या मोहिमेत त्याने इग्लुलिक लोकांकडून या प्रवासाचं वर्णन लिहून घेतलं. अंगाकुक परत आला की जमलेल्यांना बोलावं लागतं. आपण काय लपवलं ते एकेकाने सर्वांदेखत सांगायचं. एकाची चूक, पण उपासमार सगळ्या वस्तीची, म्हणून कबुलीही सगळ्या वस्तीसमोर.

इथे मला व्हेक्नाचा डोळा आठवला, आणि तो सौदा का खटकतो ते कळलं. स्वतःचा डोळा काढून देणारा माणूस निदान स्वतःची किंमत स्वतः मोजतो. खऱ्या जगात ताकदीची किंमत अशी कुठे मोजली जाते? भाला एकाच्या हातात असतो आणि मासे दुसऱ्याच्या जाळ्यातून नाहीसे होतात. ट्रॉलर एकाचा, रिकामी टोपली दुसरीची. ‘ज्याने घ्यावं त्याने फेडावं’ हा नियम खेळातल्या जादुई वस्तूंमध्ये इतका नेमाने पाळला जातो, कारण बाहेर तो क्वचित पाळला जातो. सेडनाची कथा असली फसवी सांत्वना देत नाही. ती सरळ म्हणते की फेड शेजाऱ्यावर पडेल, लहान पोरांवर पडेल, आणि म्हणूनच तुला गप्प बसता येणार नाही.

तरी याला उगाच सोनेरी मुलामा नको. रासमुसेनच्या नोंदी वाचताना लक्षात येतं की लपवलेल्या अपराधांच्या यादीत गर्भपात आणि विटाळ वारंवार येतात. म्हणजे समुद्र रिकामा झाला की बोट पुन्हा बाईकडेच. ज्या देवीची गोष्ट बाईवरच्या अन्यायापासून सुरू होते, तिच्या नावाने बायकांवरच पहारा. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही.

पण शिकारीच्या प्रश्नाकडे बघायची त्यांची पद्धत मला अजून सोडत नाही. जगण्यासाठी जीव घ्यावा का, यावर आपल्या घरांमध्ये साधारण दोन उत्तरं मिळतात: खाऊ नका, किंवा खा आणि जेवताना असले विषय काढू नका. आर्क्टिकमध्ये पहिला पर्याय नव्हताच. तिथे शेत नाही. दुसरा त्यांनी घेतला नाही. इग्लुलिकच्या एका शिकाऱ्याने रासमुसेनला सांगितलं होतं की जगण्यातला सगळ्यांत मोठा धोका म्हणजे आपलं सगळं अन्न जीवात्म्यांचंच बनलेलं असतं. मारलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी घालायची त्यांची रीत होती. सील जन्मभर खारट पाण्यात राहतो, त्याला तहान लागलेली असणार. तो पाहुणा म्हणून आला, आपण होऊन आला, तर आधी पाणी विचारायचं. आपल्याकडे दारी आलेल्याला विचारतात तसंच. मारणं थांबत नाही, पण मारणाऱ्याला मालक होता येत नाही.

आता अडचणीचा भाग. हे लोक पुराणातले नाहीत. ग्रीनलँड, कॅनडा, अलास्का आणि रशियाच्या टोकाला मिळून सुमारे 1,80,000 इन्युइट आज राहतात, फेसबुक वापरतात, आणि शिकारही करतात. 1983 मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांवर आयातबंदी घातली. इन्युइट ती पिल्लं मारत नव्हते, पण सगळ्याच सीलच्या कातड्यांचा भाव कोसळला. 2009 मध्ये युरोपियन युनियनने बंदी वाढवली. इन्युइटांना सवलत कागदावर होती, बाजार मात्र गेलेला होता. ॲलेथिया अर्नाकुक-बारिल या इन्युइट दिग्दर्शिकेचा 2016 चा ‘अँग्री इनुक’ हा माहितीपट यावरच आहे, जरूर पाहा. आणि आपण इथे वातानुकूलित खोलीत पिझ्झा खात काल्पनिक प्राणी डझनाने मारतो, त्यांच्या कातड्यांचं चिलखत शिवतो, आणि त्यांच्या देवीला आकडे देतो.

आकडे देण्याचा अनुभव आपल्याला आहे. 1976 मध्येच या खेळाची आणखी एक पुरवणी आली, जगभरच्या दैवतांची. त्यात हिंदू देवही होते. 1980 च्या मोठ्या पुस्तकात विष्णू, इंद्र, वरुण, यम, काली या सगळ्यांना हिट पॉइंट मिळाले, चिलखताचा आकडा मिळाला. झ्यूसला 400 हिट पॉइंट. गंमत म्हणजे पहिल्या पुरवणीच्या प्रस्तावनेतला हेतू उलटा होता: देवांची ताकद बघून तरी अफाट मोठी पात्रं घेऊन मिरवणाऱ्यांना आपला मूर्खपणा कळावा. पण एखाद्याला 400 आकडा दिलात की चारशे वेळा टोचून तो संपतो, हे दहा वर्षांच्या पोरालाही समजतं. मी ती यादी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला राग आला नाही, हसू आलं. माझ्या देवांना त्याने काही होत नाही. त्यांच्यामागे अब्जावर माणसं आहेत, देवळं आहेत, निवडणुका आहेत. सेडनामागे एवढं बळ नाही. ज्यांच्या मुलांना निवासी शाळांमध्ये नेऊन त्यांची भाषा विसरायला लावली, त्यांच्याबाबतीत ‘आम्हालाही कोणी केलं, आम्ही नाही रागावलो’ हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही.

मग नाव बदलायचं? सगळे तेच करतात. ‘सेडना’ऐवजी ‘सायडोरा’ म्हणायचं, बर्फाऐवजी प्रवाळ टाकायचं. त्याने इतकंच होतं की घेतलेलं कुठून घेतलं ते पुसलं जातं. दुसऱ्या टोकाला, ‘ज्याची गोष्ट त्यानेच सांगावी’ हे म्हणणंही आहे, आणि त्याला चांगलं उदाहरण आहे. अलास्कातल्या इन्यूपियाक लोकांची कथा घेऊन 2014 मध्ये ‘नेव्हर अलोन’ हा व्हिडिओ गेम निघाला, त्यात तिथल्या आदिवासी परिषदेची भागीदारी होती आणि कथाकारांच्या मुलाखतीही खेळातच होत्या. पण मी काही गेम विकत नाहीये. माझ्याकडे पाच माणसं आणि एक रविवार आहे.

मी ठरवलं ते असं. तिची कथा घ्यायची नाही, बोटं घ्यायची नाहीत, नाव घ्यायचं नाही. तिच्यामुळे पडलेला प्रश्न घ्यायचा, आणि तो कोणाकडून घेतला हे पहिल्याच दिवशी टेबलावर सांगायचं. आमच्या दैवताला हिट पॉइंट नाहीत. वस्तू दोनच. एक भाला, +3, नेम कधी चुकत नाही. त्याने मारलेल्या प्रत्येक जिवाला गोडं पाणी पाजायचं, नाहीतर वापरणाऱ्याला काहीही होत नाही. पुन्हा वाचा: त्याला काहीही होत नाही. फक्त जवळच्या गावाचा समुद्र एका दिवसासाठी रिकामा होतो. दुसरी वस्तू कंगवा. स्वतःसाठी वापरला तर तो साधा कंगवा आहे.

आमच्यातली एक जण वसईच्या कोळीवाड्यातली आहे. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या घरी 1 जून ते 31 जुलै होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. मी विचारलं, नारळ दिल्यावर समुद्र काय देतो? ती म्हणाली, “काय देणार? आधी खाल्लंय त्याचा आहे तो.”

आमच्या योद्ध्याने मात्र तीन सत्रांत अकरा प्राणी मारले. पाणी पाजलं दोघांना. बाकीच्या वेळी लढाई चालू होती, फासे चांगले पडत होते, पखाल दुसऱ्याच्या पाठीवर होती. त्याला शाप लागेल म्हणून तो वाट बघत होता, लागला नाही. मग मंडळी त्या किनाऱ्यावरच्या गावात परतली तेव्हा चुली थंड होत्या आणि एका म्हातारीने त्यांना बसायला जागा दिली, खायला काही दिलं नाही. टेबलावर बराच वेळ कोणी बोललं नाही. नंतर भांडण सुरू झालं. तो म्हणाला, नियमात कुठे लिहिलं होतं की गावाला सांगायला हवं? नव्हतंच लिहिलं. कोणी म्हणालं, गुपचूप खाली जाऊन केस विंचरून येऊ, त्यांना कशाला कळायला हवं. वसईवाली म्हणाली की म्हातारीच्या समोर सांगितल्याशिवाय ती जाणार नाही.

पुढच्या रविवारी ते ठरेल. कंगवा कोणी धरायचा यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून मेसेज पडताहेत. भाला कोणालाच नकोय, योद्ध्यालाही नाही. त्याच्या शीटवर तो +3 अजून तसाच आहे.