बदललेली फळी

जुनी वल्ह्यांची होडी दुरुस्त करताना किती फळ्या बदलेपर्यंत ती तीच होडी राहते? प्रश्न जुना आहे. अथेन्सकरांनी थीसियसचे गलबत जपताना कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवल्या आणि तत्त्वज्ञांत वाद सुरू झाला, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्यांचेच कुणी दुसरे गलबत बांधले, तर खरे कोणते?

कोकणात खाडीकाठी होडीवर रोजी असलेल्यांपुढचा प्रश्न याहून कठीण असतो. कोणती फळी काढायची? खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड आतून पोखरतो, वरून ते ठणठणीत दिसते. टोचणीचे टोक रुतले की कळते. मग आजोबांच्या हातची फळी म्हणून ती ठेवायची का? उलट, उन्हात सुकलेल्या होडीच्या फटी पाहून चांगली फळी फेकणेही चूकच. लाकूड नुसते आकसलेले असते. पाण्यात मुरले की फुगते आणि सांधे मिटतात.

सर्वांत सोपा मार्ग रंगाचा. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले होते. कुजक्या फळीवरचा रंग ही तीच लपवलेली ओल. फरक इतकाच की होडीत माणसे बसतात.

सूरह अल-कहफमध्ये हजरत मूसा (अ.) यांच्यासोबतचा अल्लाहचा बंदा गरिबांची होडी सदोष करतो. परंपरा त्यांना हजरत खिज्र म्हणते. मूसा हरकत घेतात. पुढे उलगडा होतो की एक राजा होड्या बळजबरीने हिसकावत होता. सदोष होडी त्याच्या तावडीतून वाचणार होती. पण नंतर ती नीट केली कुणी? कुरआनात ते आलेले नाही. बुखारीतल्या हदीसमध्ये मात्र होडीवाल्यांनी ती दुरुस्त करून वापरण्याचा उल्लेख आहे. खिज्रच्या कामाला गैबचे ज्ञान लागले. ते आपल्यापाशी नाही, म्हणून त्यांच्या नावाने कुणाची होडी फोडण्याचा हक आपल्याला नाही. डागडुजी मात्र आपल्याच वाट्याची आहे.

समाजाच्या रिवाजांनाही हीच रीत लावावी असे मला वाटते. एका दमात दिलेल्या तिहेरी तलाकची फळी कुजली आहे, हे त्या होडीत बसलेल्या बायका कधीपासून सांगत होत्या. आपण रंग देत राहिलो. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढली. होडी बुडाली नाही. दीन तोच राहिला. बोच एवढीच उरते की टोचणी आपल्याही हातात होती. अजून कुठे ती रुतते, हे बघायला कुणी बाहेरचा यावा लागू नये.