‘नुसती उघडून बघितली, सर’

नुसती उघडली म्हणे! मग अजून करायचं काय राहिलं होतं? अटॅचमेंट उघडायला लावणं, एवढंच तर चोराचं काम. ते तू करून दिलंस. पुढचं ती फाइल तुला न विचारता करते.

आयकराची नोटीस, सोबत झिप, झिपला पासवर्ड आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला. अरे, कुलूप लावून किल्ली त्याच कडीला कोण टांगतं? पासवर्ड लावलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला डोकावता येत नाही, म्हणून तो लावतात. तुझ्या भल्यासाठी नव्हे. हे तुला मी शिकवलं होतं. परीक्षेत हेच उत्तर लिहून तू पैकीच्या पैकी गुण घेतलेस. आणि काल पाथरीच्या बाजारात, भर दुकानात बसून तोच पासवर्ड स्वतःच्या हाताने टाइप केलास. माहीत नव्हतं, हे कोणाला सांगायलास?

म्हणे गर्दी होती. सेवा केंद्रात गर्दी नसते कधी? पीकविम्याची मुदत आली की गर्दी, शाळा-कॉलेज उघडलं की दाखल्यांची गर्दी. ‘आजच उत्तर द्या, नाहीतर दंड’ असं लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्याला तुझी घाईच हवी असते. आयकर खात्याने खरोखर नोटीस काढली असेल, तर ती ई-फायलिंग पोर्टलवर तुझ्या खात्यात दिसते. तिथं जाऊन बघायला किती वेळ लागला असता? दिवसभर लोकांना पोर्टल उघडून देतोस. स्वतःसाठी एकदा उघडता आलं नाही?

आणि मेल ओळखीच्या पत्त्यावरून आला होता, ही तुझी दुसरी सबब. ४ मे २०००. तुझा जन्म तरी झाला होता का? फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’ व्हायरस त्या दिवसापासून जगभर पसरला, तो ओळखीच्याच पत्त्यांवरून. फाइल उघडली की तो त्या माणसाच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःची नक्कल धाडायचा. नाव काय, तर ‘लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. विंडोजने शेवटचं व्हीबीएस झाकलं आणि लोकांना साधी टेक्स्ट फाइल दिसली. पंचवीस वर्षं उलटली, तरी विंडोज आजही ओळखीची एक्स्टेन्शन आपणहून झाकतंच. व्ह्यूमध्ये जाऊन ती दाखवायची खूण करायला मी वर्गात सांगितलं होतं. केलीस? नाही केलीस. म्हणून पीडीएफचं चित्र दिसलं की तू तिला पीडीएफ समजतोस.

मे २०१६ मध्ये मंत्रालयात लॉकी नावाचा व्हायरस शिरला. महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांतले दीडशेच्या आसपास संगणक त्याने धरल्याच्या बातम्या होत्या. लॉकी यायचा बहुधा मेलला जोडलेल्या बिलाच्या वर्ड फाइलमधून. फाइल उघडली की आत गिचमिड अक्षरं, आणि वर सूचना: नीट दिसत नसेल तर मॅक्रो चालू करा. माणूस ते बटण दाबायचा, आणि मशीनमधली सगळी कागदपत्रं कुलूपबंद व्हायची. कुलूप उघडायचे पैसे बिटकॉइनमध्ये. फाइलच तुला सुरक्षा उतरवायला सांगत असेल, तर ती कोणाची बाजू घेतेय, एवढंही कळू नये?

मंत्रालय लांब वाटत असेल, तर हिंगोली घे. १९९९पर्यंत ती आपल्याच जिल्ह्यात होती. २०२५च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ३० तारखेचं लग्न, नक्की या. दिसायला पीडीएफ, निघाली एपीके. खात्यातून एक लाख नव्वद हजार गेले. पत्रिका कधी ॲप म्हणून इन्स्टॉल करावी लागते का? असली ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतात, म्हणजे तुझा ओटीपी तुझ्याआधी चोराच्या हातात. ही बातमी तू स्वतः ग्रुपवर टाकली होतीस, ‘सावध राहा’ लिहून. लोकांना सावध करायला तू पुढे. स्वतः?

अँटीव्हायरस आहे, हे तर बोलूच नकोस. फुकटचं ऑफिस टाकायला क्रॅक चालवलास, तेव्हा तो बंद कोणी केला? मशीन अपडेट मागतं, तू ‘नंतर’ दाबतोस. बॅकअपची हार्ड डिस्क चोवीस तास मशीनलाच जोडलेली. लॉकीसारखा व्हायरस आला की तिलाही सोडत नाही. मग तिला बॅकअप कशाला म्हणायचं?

पण मला खरा राग कशाचा आला, ते ऐक. ‘माझ्याकडं असं काय आहे न्यायला?’ असं तू म्हणालास. तुझ्याकडं? हादगावच्या, लिंब्याच्या, बाभळगावच्या माणसांची आधार कार्डं त्या डेस्कटॉपवर पडली आहेत. पासबुकं, सातबारे, उत्पन्नाचे दाखले. निराधार योजनेच्या म्हाताऱ्या तुझ्यासमोर अंगठा टेकवतात आणि तू देशील तेवढे पैसे न मोजता कनवटीला लावतात. त्यांनी मेल आयुष्यात पाहिलेला नाही. त्या तुझ्या भरवशावर आहेत. अर्ज झाल्यावर फाइली पुसून टाकायला किती वेळ लागतो? नाही पुसल्यास. आता त्यांच्या खात्याला धक्का लागला, तर बाजारात कोणत्या तोंडानं बसशील?

‘मग मेल उघडूच नको का, धंदा बंद करू?’ हाही प्रश्न तूच विचारलास. मूर्खपणा करू नकोस. गिऱ्हाइकाचे कागद मेलवरच येणार. ते उतरवून घेण्याआधी ब्राउझरमध्येच बघता येतात. शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन लावता येतो, मेलमधला नंबर सोडून, आपल्याकडच्या नंबरवर. रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं खातं वापरता येतं. यातलं तुला काय येत नाही? सगळं येतं. वर्गात अडलेल्या पोरांना तूच शिकवायचास. म्हणून तर तुझ्यावर ओरडतोय. ज्याला येत नाही, त्याच्याजवळ बसून मी शांतपणे शिकवलं असतं.

आता रडगाणं पुरे. मशीनची नेटची वायर आत्ता काढ. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून, आधी मेलचा, मग बँकेचा, मग पोर्टलचे. कोणाच्याही खात्यातून पैसे गेल्याचं कळलं, तर लाज वाटून घेत बसू नकोस, त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लाव. उशीर झाला की पैसे थोपवणं अवघड होत जातं. ज्यांचे कागद त्या मशीनवर आहेत त्यांची यादी कर आणि प्रत्येकाला तू स्वतः सांग, मी सांगणार नाही. दुकान आज बंद. संध्याकाळी मशीन घेऊन माझ्याकडं ये.