विनातारण

बँकेच्या नोकरीत बावीस वर्षं काढली की माणसाच्या दृष्टीत एक दोष उत्पन्न होतो आणि तो चष्म्याने जात नाही. कुठलीही गोष्ट समोर आली की त्याला आधी तिची नावेची बाजू दिसते. लग्नात मंडळी नवरीचा शालू बघतात, मी पंगतीतली पानं मोजतो. देवळात गेलो तर दानपेटीला कुलपं किती आणि किल्ल्या कुणाकडे, याचा अंदाज घेऊन मग हात जोडतो. आमची ही म्हणते, "तुम्ही वर गेलात तरी आधी चित्रगुप्ताची वही टॅली करत बसाल." मी म्हणतो, "बसायलाच हवं. इतक्या युगांत त्याचं ऑडिट झालेलं नाही."

हे सांगायचं कारण म्हणजे गुडविल. बी. कॉम.ला आम्हाला या नावाचं एक प्रकरण होतं. लॉर्ड एल्डन नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने १८१० साली एका निकालात त्याची व्याख्या करून ठेवली आहे. जुनं गिऱ्हाईक जुन्याच दुकानी येत राहण्याची शक्यता, म्हणजे गुडविल. मी ती पाठ केली, पाच मार्क मिळवले आणि विसरलो. पुढे नोकरीत हे गुडविल मला कधी प्रत्यक्ष भेटलं नाही. आमच्या काउंटरपुढे रांगेत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर तर नाहीच नाही. ते भेटलं थेट मँचेस्टरच्या दक्षिणेला, अल्ट्रिंचम नावाच्या गावी, बर्फावर.

माझी धाकटी बहीण मँचेस्टरला असते. दोन-तीन वर्षांपूर्वी, शिल्लक रजा बुडेल म्हणून आणि मेहुण्यांनी तिकिटं काढली म्हणून, आम्ही उभयता भर जानेवारीत तिकडे गेलो. दुसऱ्याच संध्याकाळी तेरा वर्षांचा भाचा अंगात तंबूएवढी जर्सी घालून पुढे उभा राहिला. "मामा, येतोस ना? हॉकी आहे." हॉकी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ध्यानचंद, हिरवं मैदान आणि ऊन आलं. त्या उन्हाच्या भरवशावर मी एकच स्वेटर घातला.

ही हॉकी बर्फावरची. गोलकीपर धरून एका बाजूला सहा जण, पायात सुरीसारख्या पात्यांचे बूट, आणि चेंडूच्या जागी रबराची जाड चकती. तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. त्या साठ मिनिटांत पक मला चारदा दिसली. बाकी वेळ भाच्याचा चेहरा बघून गोल कुणावर झाला ते मी ओळखत होतो. मध्येच दोन खेळाडू हातमोजे फेकून एकमेकांना बदडू लागले, तेव्हा मात्र खेळ समजल्यासारखा वाटला. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा बर्फावर भरवली तर अशीच होईल.

मध्यंतर झालं आणि माझ्यातला कारकून खडबडून जागा झाला. आकडे घातलेल्या स्पंजच्या चकत्या विकायला आल्या. त्या विकत घ्यायच्या आणि बर्फावर मांडलेल्या खुणेच्या दिशेने भिरकवायच्या. जवळ पडेल त्याला बक्षीस, उरलेले पैसे क्लबला. मग लॉटरीची तिकिटं आली. जमलेल्या रकमेतली अर्धी जिंकणाऱ्याला, अर्धी क्लबला. खेळाडूंच्या जर्सींनासुद्धा एकेक आश्रयदाता असतो. मेहुण्यांनी एका बचावपटूच्या जर्सीचे पैसे भरले होते. सीझन संपला की ती घामासकट आपल्या घरी येणार, म्हणून ते खूश होते. बहीण तितकीशी दिसली नाही.

"एवढं कशाला लागतं हो?" मी विचारलं.

मेहुण्यांनी बोटं मोजली. बर्फ गोठवायला वीज. रिंक बहुधा क्लबची नसतेच, तिचं भाडं. निम्म्याहून अधिक खेळाडू कॅनडा-अमेरिकेचे, म्हणून त्यांची विमानाची तिकिटं, व्हिसा, राहायला फ्लॅट, फिरायला गाडी. फुटबॉलसारखा टीव्हीचा पैसा इथे येत नाही. जे काही येतं ते या दारातून आत शिरणाऱ्या माणसांच्या खिशातून. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, लीगने आपला सीझन पुढे ढकलला तेव्हा हे उघडच सांगितलं होतं: रिंक पाऊणशे ते शंभर टक्के भरणार असेल तरच आम्हाला परवडेल. तो सीझन शेवटी झालाच नाही. सरकारने खेळांना हिवाळ्यात तगवण्यासाठी मदत जाहीर केली, तिच्यात आइस हॉकीच्या वाट्याला ४० लाख पौंड आले.

म्हणजे पंचवीस टक्के माणसं घरी बसली की धंदा आडवा. आमच्याकडे असा कर्जाचा अर्ज आला असता तर साहेबांनी तो वाचला नसता, नुसता हुंगून परत दिला असता.

माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसले होते. मी परका आणि गारठलेला दिसल्यावर त्यांनी अर्धं ब्लँकेट मला दिलं आणि बाकीचा वेळ इतिहास दिला. मँचेस्टर स्टॉर्म हा क्लब १९९५ साली शहरातल्या नव्या कोऱ्या, अवाढव्य अरेनात सुरू झाला. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी शेफील्ड स्टीलर्सविरुद्धच्या सामन्याला १७,२४५ माणसं आली. छताखालच्या आइस हॉकीला एवढी गर्दी युरोपात तोपर्यंत झाली नव्हती. हे गृहस्थ त्यांतले एक. आणि नोव्हेंबर २००२ मध्ये, सीझन चालू असताना, क्लब बंद पडला. त्याच महिन्यात स्कॉटलंडचा ईगल्सही गेला. सुपरलीग म्हणून जी थाटाची लीग १९९६ साली निघाली होती, ती २००३ साली स्वतःच दिवाळ्यात निघाली.

"मग?" मी विचारलं.

मग प्रेक्षकांनीच संघटना केली, पैसे गोळा केले, आणि २००३ साली नवा क्लब उभा राहिला. नाव ठेवलं फीनिक्स. पहिलाच सीझन त्या अवाढव्य अरेनात काढला आणि तिथला खर्च झेपेना, म्हणून दोन सीझन खेळच नाही. हे लोक तेवढा काळ थांबले. २००७ च्या आरंभी अल्ट्रिंचमची ही छोटी रिंक झाली. २०१५ साली फीनिक्स इथून उठून वेल्समध्ये डीसाइडला गेला आणि २०१७ साली विझला. इथे मात्र त्याच २०१५ साली स्टॉर्म हेच जुनं नाव घेऊन नवा क्लब आला. लीगमधली जागा कुणाची? तर त्याच उन्हाळ्यात दिवाळं निघालेल्या हल स्टिंगरेजची. आमच्याकडे एकाच घरात बारसं आणि सुतक आलं तर भटजींना विचारावं लागतं. तिथे ते लीगच्या ऑफिसात ठरतं.

मी हिशोबी माणूस. विचारलं, "इतक्या वर्षांत तुमचे किती पैसे बुडाले?"

म्हातारबुवा हसले. म्हणाले, "लिहून ठेवलं असतं तर आलोच नसतो."

आता बघा. मालक बदलला, दुकान बदललं, पाटी दोनदा बदलली, आणि गिऱ्हाईक तेच, ब्लँकेटसुद्धा बहुधा तेच. लॉर्ड एल्डनसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या व्याख्येत दुकान जाग्यावर आहे आणि प्रश्न फक्त गिऱ्हाईक येईल की नाही एवढाच. इथे गिऱ्हाईक जाग्यावर आहे आणि दुकान येईल की नाही याची पंचाईत.

त्या रात्री जेवताना भाच्याने बॉम्ब टाकला. मी वाढदिवसाला दिलेले पौंड, त्यांत खाऊचे साठवलेले घालून, त्याला पुढच्या वर्षाचं सीझन तिकीट आताच काढायचं होतं. मी बँकेच्या आवाजात समजावलं, "बाळा, सहा महिने आधी पैसे देणं म्हणजे तू क्लबला कर्ज देतोस. इथला कुठलाही क्लब उद्या बुडाला, तर आधी ज्यांच्याकडे तारण आहे ते पैसे उचलणार, मग कामगार, मग सरकार, आणि सगळ्यात शेवटी विनातारण धनकोंच्या रांगेत तू. तिथे पौंडाला पेनी मिळाली तरी नशीब."

"पण मामा, क्लब आपलाच आहे ना? आपल्याला आपण कसं बुडवू?"

मी घास हातात धरून थांबलो. क्लब कुणाचा? कंपनी कायद्याने विचाराल तर शेअर ज्याचे त्याचा, पेपर सुटला. पण डरहॅमच्या लोकांना विचारा. डरहॅम वॉस्प्स हा १९८०च्या दशकातला गाजलेला संघ. नव्वदीच्या मध्यात न्यूकॅसल फुटबॉल क्लबचे तेव्हाचे प्रमुख सर जॉन हॉल यांनी तो विकत घेतला. खेळाडू गावाबाहेर हलले आणि १९९६ साली न्यूकॅसल कोब्राज झाले. गांधीलमाश्यांचे नाग झाले म्हणा ना! कागद सगळे चोख होते. फक्त ज्यांनी वर्षानुवर्षं घसा फोडून ते नाव मोठं केलं, त्यांची सही कुठल्याच कागदावर लागली नाही. गुडविल कमावलं गावाने, विकलं ज्याने त्याने.

उलट कार्डिफ घ्या. २००६ साली तिथली जुनी रिंक पाडली आणि डेव्हिल्सना एका निळ्या तंबूत बसवलं, तात्पुरतं म्हणून. तात्पुरतं या शब्दाचा अर्थ सरकारी कामात आपल्याला ठाऊक आहे, तोच वेल्समध्ये निघाला. पक्की रिंक झाली २०१६ साली. दहा हिवाळे लोक त्या तंबूत येऊन ओरडत राहिले. आणि बेलफास्ट? २००० साली जायंट्स निघाला तेव्हा शहर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं चिरलेलं. फुटबॉलची जर्सी कुठली ते पाहून माणूस कुठल्या गल्लीतला ते कळायचं. जायंट्सने ठरवलं की आमच्या सामन्याला फुटबॉलच्या जर्सी घालून यायचं नाही. दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर बसून एकाच पंचाला शिव्या देऊ लागली. ज्या ट्रस्टचा अरेना, तोच पुढे क्लबचाही मालक झाला, आणि तो धर्मादाय आहे. हे खातं मी कुठल्या सदरात लिहू?

माझ्यापुढचा पेच असा: हिशोब न विचारता प्रेम करावं का? म्हातारबुवा म्हणतात, विचारला तर प्रेम उरत नाही. माझी बावीस वर्षं म्हणतात, विचारला नाही तर क्लब उरत नाही. कुणीतरी फुगवून खर्च करतो, लोक येतीलच या भरवशावर. लोकांचं प्रेम हेच त्याचं तारण असतं आणि ते गहाण ठेवताना लोकांना कुणी विचारत नाही. अशा वेळी डोळे मिटून पैसे देणं हा मोठेपणा नव्हे. तो बेपर्वाईला दिलेला ओव्हरड्राफ्ट आहे. १७,२४५ माणसं एका रात्री येतात, ती चांगली गोष्ट. पण बिलं येतात ती दर महिन्याला.

विलायतेत एक सोय उत्तम आहे. तिथल्या कंपन्यांचे ताळेबंद कंपनीज हाउसच्या साइटवर कुणालाही फुकट वाचता येतात. जेवणं झाल्यावर मी आणि भाचा एका क्लबचा ताळेबंद उघडून बसलो. छोट्या कंपन्यांचा तो अगदी त्रोटक असतो, पण मला ज्ञानेश्वरी मिळाल्याचा आनंद झाला. भाचा मात्र बराच वेळ शोधत होता.

"मामा, यात आम्ही कुठे आहोत?"

मी चष्मा सारखा केला. मालमत्तेत बघितलं, नव्हते. गुडविलपुढे आकडाच नव्हता. मग देण्यांकडे आलो आणि एका ओळीवर बोट ठेवलं: वर्षाच्या आत देय असलेल्या रकमा. "आगाऊ घेतलेले तिकिटांचे पैसे हे असे देण्यात धरतात. सामने होईपर्यंत ते क्लबचे नसतातच. तुझ्यासारखे सगळे या ओळीत."

"म्हणजे क्लब आमचं देणं लागतो?"

"वहीप्रमाणे, हो."

"मग बरोबर आहे," भाचा म्हणाला आणि झोपायला गेला.

सकाळी मी त्याला दोन अटी घातल्या. गेले तर रडणार नाही, एवढेच पैसे द्यायचे. आणि दर वर्षी ताळेबंद आला की वाचायचा, समजला नाही तर मामाला फोन करायचा, पण वाचायचा. त्याने दोन्ही कबूल केल्या. कमी पडत होते ते पाच पौंड मीच घातले. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं विनातारण कर्ज, तेही साहेबांच्या मंजुरीवाचून.

घरी आल्यावर मी प्रवासाचा हिशोब डायरीत उतरवला. रिंकवरच्या खर्चाशी अडलो. तिकीट, दोन स्पंजच्या चकत्या, एक लॉटरी आणि ते पाच पौंड. करमणूक म्हणावं तर पक दिसली नव्हती. दान म्हणावं तर थोबाडीत मारल्यासारखं त्या म्हातारबुवांना वाटलं असतं. गुंतवणूक म्हणावं तर बी. कॉम.ची डिग्री परत करावी लागली असती. बँकेत ज्या रकमेचं खातं ठरत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि लवकरात लवकर तिथून काढावी असा नियम आहे. मी ती टाकून ठेवली आहे. आमची ही अधूनमधून विचारते, "अहो, ते पाच पौंड अजून तिथेच?"

मी म्हणतो, "असू देत. तेवढं एक खातं टॅली नसलं तरी चालेल."