खुर्चीतली ‘स्टँडिंग’

३० ऑगस्ट २०२१ला टोकियोत अवनी लेखराने पॅरालिम्पिकचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकाराचं नाव होतं ‘दहा मीटर एअर रायफल स्टँडिंग’. अवनी खेळली व्हीलचेअरवर बसून. २०१२च्या मोटार अपघातात तिच्या मणक्याला इजा झाली, तेव्हापासून खुर्ची तिच्यासोबत आहे. तरी नियमपुस्तकाच्या लेखी तिने सगळे शॉट उभ्यानेच मारले. मी ते वाचलं आणि अडखळलो. छापण्यात काही चूक झाली असेल असंच वाटलं.

चूक नव्हती. दिव्यांगांच्या नेमबाजीत ‘उभं’ असण्याचा संबंध पायांशी नाही, कोपरांशी आहे. कोपर खुर्चीला किंवा टेबलाला टेकवायचं नाही, अवनीच्या गटात रायफलीचा भारही आपल्याच अंगावर घ्यायचा. हे जमलं की तुम्ही उभे. तोच खेळाडू त्याच खुर्चीत टेबलावर कोपरं ठेवून बसला की त्याची पोझिशन ‘प्रोन’ होते, म्हणजे पालथं पडलेल्याची. एकाच रांगेत कुणी कृत्रिम पायावर उभा असतो, कुणी खुर्चीत असतो, आणि निकालाची यादी सगळ्यांची एकच.

या खेळाचं वर्गीकरण मला फार शहाणं वाटतं. त्यात दोन मुख्य गट आहेत. बंदुकीचं वजन स्वतः पेलणारा ‘एसएच वन’मध्ये. हात ते पेलू शकत नसतील तर ‘एसएच टू’. त्याची रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर ठेवतात, गरज असेल तर छर्रा भरायला माणूस देतात. नेम आणि ट्रिगर मात्र त्याचाच. धडावर ताबा किती आहे, त्यावरून खुर्चीची पाठ किती उंच असावी हे ठरतं. म्हणजे तपासणारा विचारतो ते एवढंच : नेम धरण्याच्या आड तुझ्या शरीरातलं नेमकं काय येतं? ते कळलं की तेवढंच बाजूला करायचं, त्याहून सूतभर जास्त नाही. जास्त केलं तर शेजारच्यावर अन्याय.

आपल्याकडेही दिव्यांगत्व मोजतात. २०१६च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले, ते मोठंच पाऊल होतं. प्रमाणपत्रावर टक्का येतो, चाळीसची रेघ ओलांडली की सवलती मिळतात. सवलती हव्यातच, त्यांच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. पण साठ टक्के हा आकडा त्या माणसाबद्दल काय सांगतो? तो जिना चढतो का, पाच किलो उचलतो का, त्याला कशाचा आधार दिला तर तो काय करून दाखवील? टक्का यावर गप्प असतो. रेंजवर मोजतात ते खेळायला घेण्यासाठी. आपण मोजतो, कागद देतो आणि तिथेच थांबतो.

रेंजवर काय मोजतात हे कळायला खेळ जवळून पाहू. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, साखरेच्या कणाएवढा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, ठिपक्याच्या नऊपट. आणि अंतिम फेरीत नुसता दहा पुरत नाही. दहा पॉइंट एक की दहा पॉइंट नऊ, यावर पदक हलतं. श्वास थोडा सोडून थांबवायचा, बोटाने ट्रिगरचा पहिला ताण घ्यायचा, मग वाट पाहायची. मणक्याची इजा असेल तर पायाला कधी न सांगता आचका येतो. खुर्ची हलते, खुर्चीबरोबर नळी हलते. मग रायफल खाली घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून. घड्याळ थांबत नाही.

टोकियोत अवनीने २४९.६ गुण मिळवले, त्याच दिवशी पुरुषांच्या याच प्रकारात कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर अंतिम फेरीत होता. आठातून एकेक जण बाद होत गेला आणि २०३.९ गुणांवर तो चौथा राहिला. चौथ्याचं नाव आपल्या लक्षात राहत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे पॅरिसलाही तो गेला. तिथे ३० ऑगस्टलाच, २०२४ साली, अवनीने २४९.७ गुणांनी दुसरं सुवर्ण घेतलं.

तिच्या प्रशिक्षक सुमा शिरूर. २००४मध्ये क्वालालंपूरला त्यांनी ४००पैकी ४०० गुण मिळवले होते. त्यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलला आहे, म्हणजे आम्हा अंबरनाथ-बदलापूरकरांना मलंगगडाच्या पलीकडे. पण खुर्चीतल्या मुलीने लोकलने तिकडे जायचं ठरवलं तर? ठाण्याला गाडी बदलायची, मांडीवर रायफलची पेटी. दिव्यांगांचा डबा प्लॅटफॉर्मवर जिथे थांबतो तिथे पोचायचं, फलाट आणि डबा यांच्यातली वीतभर फट आणि वरची पायरी काही सेकंदांत पार करायची. आमच्या एका स्टेशनवर मी एका तरुणाला तीन गाड्या सोडताना पाहिलंय. चौथीला दोघांनी खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. तो ‘थँक्यू’ म्हणाला, पण त्याची नजर खाली होती. दहा मीटरवरचा अर्धा मिलिमीटर जो साधू शकेल, तो इथे वीतभर फटीपाशी हरतो. त्या फटीचं माप कुणी घेतलंय का?

मोडलेल्यांना पुन्हा उभं राहायला जागा द्यायची म्हटलं की मला शेजारचं उल्हासनगर आठवतं. युद्धकाळातला लष्करी कल्याण कॅम्प. १९४७नंतर त्याच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ला गावाला नवं नाव मिळालं. त्याच सुमारास, १९४८मध्ये, इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमन यांनी युद्धात जखमी झालेल्या सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा लावली. पॅरालिम्पिकचं मूळ ते. म्हणजे सुरुवातच नेम धरण्यापासून झाली.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या आमच्या तिन्ही शहरांत मैदानं आक्रसत चालली आहेत. पण एअर रायफलला मैदान लागतच नाही. दहा मीटर लांबीची बंदिस्त जागा पुरते. रायफल महाग आहे हे खरं, चांगली मॅच रायफल लाखांत जाते. पण एक रायफल आळीपाळीने दहा जण वापरू शकतात, आणि छर्र्याशिवायचा ‘ड्राय’ सराव घरच्या भिंतीसमोरही होतो. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, काडतुसांची पितळी आवरणं बनवणारी. मायक्रॉनची भाषा जाणणारे निवृत्त कारागीर इथे घरोघर आहेत. खुर्चीची पाठ कापून देणं, स्प्रिंगचा स्टँड जुळवणं त्यांच्या हातचा मळ आहे.

सुरुवातीला एवढंच हवं : नगरपालिकेच्या शाळेतला तळमजल्यावरचा एक वर्ग, संध्याकाळी सहा ते आठ. दाराशी पायरी असेल, तर पहिल्या दिवशी गवंडी बोलवायचा.