कठडा कोणी बांधावा?

आमच्या धर्मग्रामातील चर्चच्या उजव्या बाजूला मागून तिसऱ्या ओळीत एक बाक आहे. इतर बाकांहून ते निराळे दिसत नाही. सागवानाचेच आहे, त्याच्यावरही तेच पॉलिश आहे. मात्र गुडघे टेकण्याच्या फळीखालच्या आडव्या पट्ट्यांपैकी एक पट्टी किंचित आखूड आहे आणि तिच्या टोकाला पाचरीचा एक लहानसा तुकडा ठोकलेला आहे. मिस्सेच्या वेळी आमची दृष्टी नको तेव्हा तिकडे जाते. ती पट्टी कापताना एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या डाव्या हाताच्या तर्जनीचे पहिले पेर गेले. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या निमित्ताने जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो आम्ही आजवर व्याख्यानातून मांडला नाही. येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रश्न समजण्यासाठी आधी यंत्र समजले पाहिजे. सेमिनरीत असताना सुतारकामाच्या शाळेत आम्ही काही महिने काढले होते, पण तेथे हातकरवत आणि रंधा यांपलीकडे आमची मजल गेली नाही. अपघातानंतर मात्र जाणत्या सुतारांपाशी बसून आम्ही हे यंत्र नीट समजून घेतले. मेजाच्या मध्यभागी फटीतून वर आलेले गोल पाते, खाली मोटर, बाजूला लाकूड टेकवून सरळ सरकवण्यासाठी गाईड, आणि मेजावर कोरलेल्या खाचेतून पुढेमागे सरकणारा गुण्या, ज्याला कारागीर मायटर गेज म्हणतात. एवढाच संसार. दहा इंची पाते मिनिटाला सुमारे ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात जातो. डोळ्याला ते पाते जवळजवळ स्थिर दिसते, हेच त्याचे फसवेपण.

लाकूड दोन तऱ्हांनी कापले जाते. रेषांच्या दिशेने कापला तो उभा काप. रेषांना छेद देऊन कापला तो आडवा काप. लाकडाच्या रेषा म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या बारीक नळ्यांची मोळी. उभ्या कापात त्या एकमेकींपासून सुटतात, तर आडव्या कापात प्रत्येक नळी स्वतंत्रपणे तोडावी लागते. म्हणून उभ्या कापाच्या पात्याला वीस-चोवीस मोठे दात असतात आणि आडव्या कापाच्या पात्याला साठ ते ऐंशी बारीक दात असतात, एक आड एक उजवीडावीकडे धार दिलेले. इतके करूनही पाते बाहेर पडते त्या बाजूच्या कडेला ढलप्या निघतात. चांगला कारागीर तेथे पाठीला एक टाकाऊ फळी लावतो, म्हणजे ढलपी निघाली तरी त्या फळीची निघते.

आडवा काप दिसायला सोपा आणि करायला अवघड. गुण्या अर्ध्या अंशाने हलला तर एक फूट रुंदीच्या फळीवर अडीच मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, आणि बाकाच्या सांध्यात तेवढी फट पुरेशी असते. हे तपासण्याची सुतारांची एक युक्ती आम्हाला फार आवडली. एका चौकोनी तुकड्याची एक कड कापायची, तीच कड गुण्याला टेकवून दुसरी कापायची, असे चारही बाजूंनी फिरत जायचे आणि पाचव्या वेळी पहिल्याच बाजूची एक अरुंद पट्टी कापून काढायची. त्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना मोजायची. एकेका कापात डोळ्याला न दिसणारी चूक आता चौपट होऊन हातात येते. फरकाला चाराने भागले की यंत्राचा खरा दोष कळतो. सदसद्विवेकबुद्धीची तपासणी शिकवताना ही युक्ती आम्हाला कोणी सांगितली असती तर बरे झाले असते, असे वाटून गेले.

आता धोक्याविषयी. पात्याचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात मात्र वर उठत असतात. कापलेला तुकडा किंचित तिरका होऊन त्या मागच्या दातांना लागला, की दात त्याला उचलतात आणि उभ्या माणसाच्या दिशेने भिरकावतात. हे टाळण्यासाठी पात्याच्या मागे एक उभी पोलादी पट्टी बसवलेली असते. आडव्या कापात याहून मोठा मोह वेगळाच असतो. एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असले, की कारागीर मापासाठी लाकडाचे टोक बाजूच्या गाईडला टेकवतो आणि तसेच पुढे ढकलतो. सुटणारा तुकडा मग गाईड आणि पाते यांच्यामध्ये अडकतो. त्याला जायला वाट नसते. जरासा वळला की तो पाचरीसारखा बसतो आणि पाते त्याला फेकून देते. जाता जाता तो ज्या हाताने धरलेला असतो त्या हातालाही ओढतो. उपाय अगदी साधा आहे. गाईडला पात्याच्या बराच अलीकडे एक लाकडी ठोकळा शिकंज्याने आवळायचा, माप त्या ठोकळ्याला लावून घ्यायचे. लाकूड पात्यापर्यंत पोहोचेस्तोवर ते ठोकळ्यापासून सुटलेले असते आणि कापलेल्या तुकड्याला मोकळी जागा मिळते. चार आण्यांचा ठोकळा!

याशिवाय आणखीही नियम आहेत. पाते लाकडाच्या वर काही मिलिमीटरच ठेवावे, पात्याच्या रेषेत उभे राहू नये, हातमोजे घालू नयेत, पाते पूर्ण थांबल्याखेरीज तुकडा उचलू नये. सर्वांत अचूक आडवा काप सरकत्या पाटीवर होतो, पण तिच्यावर काम करताना पात्यावरचे झाकण बहुधा काढावेच लागते. आणि काप संपताना पाते पाटीच्या मागच्या पट्टीतून बाहेर येते ते नेमके जेथे अंगठे टेकलेले असतात तेथेच. शहाणे सुतार त्या जागी एक जाड ठोकळा चिकटवतात. निर्धोक म्हणून निवडलेल्या रीतीतही शेवटच्या दोन इंचांवर धोका बसलेला असतो, हे आम्हाला विसरता येत नाही.

आमच्या चर्चच्या आवारात जे यंत्र आले होते त्यात यांपैकी काहीच नव्हते. वसईपासून पनवेलपर्यंत फर्निचरच्या कामावर जे दृश्य सर्रास दिसते तेच होते. प्लायवूडच्या तक्त्याला भोक पाडून खालून उलटी आवळलेली हातातली कटर मशीन. झाकण काढलेले. मागची पोलादी पट्टी नाही. सरकता गुण्या नाही. गाईड म्हणून एक पट्टी ठोकलेली. त्या मुलाने आडव्या पट्ट्या त्या गाईडला टेकवून हातानेच ढकलायला सुरुवात केली. सदतीस पट्ट्या नीट निघाल्या.

रुग्णालयातून परतताना मिस्त्री म्हणाले, “फादर, पोराचं लक्ष नव्हतं. मी त्याला दहादा सांगितलं होतं.” मिस्त्री खोटे बोलत नव्हते. आणि आम्हीही, आता सांगायला हरकत नाही, हे वाक्य ऐकून मनातून थोडे हलके झालो.

येथेच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. लक्ष नसणे हा दोष आहे काय? आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची अंगे मोजताना स्मरण, दूरदृष्टी, भोवतालचे भान यांच्याबरोबर सावधगिरीलाही स्थान दिले आहे. तेव्हा धारदार पात्यापुढे सावध नसणे हे नुसते दुर्दैव नव्हे. पण दिवसाला दोनशे काप घेणाऱ्या माणसाचे लक्ष दोनशे वेळा सारखेच राहील, अशी अपेक्षा करणारा माणूस स्वतः विवेकी म्हणावा काय? आम्ही तर रोज एकच मिस्सा अर्पण करतो आणि तीतही आमचे लक्ष कुठे कुठे जाते ते आम्हाला ठाऊक आहे.

अमेरिकेत हा वाद न्यायालयापर्यंत गेला. तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजाने अशा मेजावरच्या करवतीमुळे वर्षाला सुमारे ३० हजार जखमींना तातडीचे उपचार घ्यावे लागत; दिवसाला सरासरी दहा जणांचे बोट वा बोटाचा भाग तुटत असे. १९९९ च्या सुमारास स्टीव्ह गॅस या पदार्थविज्ञान शिकलेल्या पेटंट वकिलाने एक युक्ती शोधली. पात्यातून एक क्षीण विद्युत्-संकेत खेळवायचा. लाकूड वीज फारशी वाहून नेत नाही, मानवी देह वाहून नेतो. त्वचेचा स्पर्श होताच संकेत बदलतो, ॲल्युमिनियमचा एक ठोकळा पात्यात घुसतो आणि सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात पाते थांबते. पाते आणि ठोकळा दोन्ही बहुधा वाया जातात, बोटावर ओरखडा राहतो. प्रात्यक्षिकासाठी त्यांनी सॉसेज वापरले आणि पुढे स्वतःचे बोटही लावून दाखवले. मोठ्या उत्पादकांनी ही युक्ती तेव्हा स्वीकारली नाही. किंमत वाढेल हे एक कारण. पेटंटधारकाची मक्तेदारी होईल हे दुसरे, आणि तेही अगदीच पोकळ नव्हते. २०१० साली बॉस्टनच्या न्यायालयात एका कामगाराने उत्पादकाविरुद्ध दावा जिंकला. झाकण न लावता, गाईड न वापरता काप घेणाऱ्या त्या कामगाराचाही काही दोष होता, हे ज्युरीने मानले. तरीही १५ लाख डॉलरची भरपाई दिली, आणि २०११ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

अनेकांना हा निवाडा अन्यायाचा वाटला. झाकण काढले त्याने, आणि पैसे द्यायचे बनवणाऱ्याने? आम्हालाही प्रथम तसेच वाटले होते. पण अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायाच्या आठव्या वचनात, नवे घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे. त्याने धाब्याला कठडा बांधावा. न बांधला आणि कोणी पडला, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. पडणारा सावध होता की बेसावध, याची चौकशी तेथे केलेली नाही. मनुष्य पडतो, हे गृहीत धरलेले आहे. कठडा शहाण्यासाठी नसतोच. शहाणाही ज्या क्षणी शहाणा नसतो, त्या क्षणासाठी तो असतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. संरक्षण वाढले की माणूस बेफिकीर होतो, सद्गुणाला गंज चढतो. यात तथ्य नाही असे नाही. पण वर सांगितलेली थांबणारी करवतदेखील लाकडाचा तुकडा उसळून येणे थांबवत नाही; तिला केवळ स्पर्श कळतो. म्हणजे सावधगिरीला काम उरतेच. शिवाय हा आक्षेप घेणारे आम्हाला बहुधा दहा बोटांचेच भेटले आहेत.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालणे मालकावर बंधनकारक केले होते. पण विजेवर चालणाऱ्या जागी त्या कायद्याचा कारखाना दहा कामगारांपासून सुरू होत असे. चर्चच्या अंगणात दोन कामगार आणि एक मिस्त्री होते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत तर्जनीच्या एका पेरासाठी कमाईच्या शक्तीची हानी नऊ टक्के धरलेली होती. आम्ही ती अनुसूची शोधून वाचली. मुलाचे नाव मात्र कोणत्याच कागदावर नव्हते. उपचारांचा खर्च धर्मग्रामाने केला आणि त्याबद्दल लोकांनी आमचे कौतुकही केले.

ते कौतुक आम्हाला पचले नाही, आणि त्याचे कारण सांगून हा लेख संपवू. काम ठरवताना मिस्त्रींनी आणलेल्या दरपत्रकात शेवटून दुसरी एक ओळ होती: मोठी मशीन, भाडे. हे कशासाठी, असे आम्ही विचारले. “काम चोख होतं, फादर,” एवढेच ते म्हणाले. सुरक्षेचा शब्द त्यांनी काढला नाही आणि आम्हीही पुढे विचारले नाही. आमच्याच पेनाने आम्ही त्या ओळीवर रेघ मारली. शिवाय सणाच्या नोव्हेनेआधी सगळी बाके बसली पाहिजेत असे बजावले. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हाला अज्ञानाचे दोन प्रकार शिकवले होते. एक अपरिहार्य, त्याचा दोष लागत नाही. दुसरे टाळता येण्याजोगे, ज्यात माणूस विचारू शकत होता आणि त्याने विचारले नाही. परीक्षेत या प्रश्नाचे उत्तर आम्ही उत्तम लिहिले होते.

तो मुलगा पुढे दोन महिन्यांनी उरलेल्या कामासाठी आला. आम्ही त्याची क्षमा मागितली. तो गोंधळला. “तुमचं काय चुकलं, फादर? तुम्ही तर पैसे भरले,” असे म्हणून तो हसला आणि टेप घेऊन मापे काढू लागला. टेपचे टोक आता तो मधल्या बोटाने दाबून धरतो.

यंदा धर्मगुरूनिवासाची दारे-खिडक्या बदलायच्या आहेत. नव्या दरपत्रकात झाकण आणि मागच्या पट्टीसह मेजावरच्या करवतीचे भाडे धरलेले आहे, आणि काम पुरे करण्याची तारीख कोरी सोडली आहे. धर्मग्राम परिषदेच्या गेल्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्याने, बँकेतून निवृत्त झालेल्या अतिशय सज्जन गृहस्थाने, त्या ओळीवर बोट ठेवून हे कशासाठी असे विचारले. आम्ही सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही. पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा यायचा आहे.