सुट्टी रुग्णाला मिळते, कर्तव्याला नव्हे



‘दवाखान्यातून सुट्टी झाली’ हे शब्द कानी पडताच आपल्या तोंडून ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघते आणि ते योग्यच आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. रुग्णालयाने सुट्टी दिली, म्हणून आप्त, शेजारी व वस्ती यांच्यावरील रुग्णाचा हक्क संपतो काय?

रुग्णाची विचारपूस, म्हणजेच इयादत, हा एका मुस्लिमाचा दुसऱ्या मुस्लिमावरील हक्क असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हे आढळते. या शिकवणीत अट आहे ती आजाराची. रुग्णालयात दाखल असण्याची नव्हे. आजार संपला की हा हक्क संपेल. खाट बदलली म्हणून तो संपत नाही.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कित्येक आठवडे असे रुग्ण येत राहिले. मृतांची संख्या वर्तमानपत्रांतून सर्वांना कळली. जे वाचले, ते मात्र सुट्टीचा कागद घेऊन आपापल्या गावी परतले.

अशा रुग्णाची खरी परीक्षा अनेकदा घरीच होते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके शरीरातील एका आवश्यक विकराला निकामी करतात. औषधांनी जीव वाचतो. परंतु तो विकर पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. तोवर रुग्ण पुन्हा फवारणीला गेला, तर पूर्वीपेक्षा कमी विषही त्याला घातक ठरू शकते. या गटातील काही विषांमुळे दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येऊन ते लुळे पडू लागतात. म्हणजे भेटीला येणाऱ्यांची गर्दी ओसरते, नेमक्या त्याच दिवसांत रुग्णाला माणसांची गरज अधिक असते.

मग तो पुन्हा पंप पाठीवर का घेतो? अज्ञानामुळे घेतो, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण घरात चूल पेटायची असेल आणि मजुरी फवारणीचीच मिळत असेल, तर ‘आराम करा’ हा सल्ला त्याच्यासाठी औषधाइतकाच महाग ठरतो. त्याला उपदेश करणाऱ्यांनी आधी त्याच्या घरातील पिठाचा डबा पाहावा.

खंदकाच्या युद्धात हजरत साद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताच्या रक्तवाहिनीला बाण लागला. आदरणीय प्रेषितांनी (स.) त्यांच्यासाठी मशिदीतच तंबू उभारला, जेणेकरून त्यांची विचारपूस जवळून करता यावी. जखम भरत आली, तेव्हाही ते त्याच तंबूत होते. तेथेच ती पुन्हा वाहू लागली आणि त्यांना हौतात्म्य लाभले. रुग्ण विचारपूस करणाऱ्याच्या नजरेआड होऊ नये, अशी ती व्यवस्था होती. 1284 मध्ये कैरो येथे सुलतान कलावून यांनी उभारलेल्या रुग्णालयाबद्दल इतिहासकार लिहितात की, बऱ्या होऊन जाणाऱ्यांना वस्त्रे व खर्चासाठी रक्कम दिली जाई, म्हणजे त्यांना लगेच कष्टाला जुंपून घ्यावे लागू नये. वक्फ करणाऱ्यांना हे कळले होते की उपचाराचा शेवटचा भाग रुग्णालयाबाहेर पार पडतो.

कोणी म्हणेल, आरोग्य देणारा अल्लाह आहे. आपण तवक्कुल करावा. निःसंशय. परंतु उंटाला आधी बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण प्रेषितांचीच (स.) आहे. पुन्हा तपासणीला न जाणे म्हणजे तवक्कुल नव्हे. दोरी हातात असूनही उंट मोकळा सोडणे आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. प्रत्येकाने महिनोन्महिने प्रत्येक रुग्णाकडे कसे जावे? याचे उत्तर आपल्या फिकहमध्येच आहे. इयादतीला अनेक विद्वानांनी फर्जे किफाया मानले आहे : काहींनी पार पाडले तर इतरांवरील भार उतरतो, कोणीच न पाडल्यास सारे दोषी ठरतात. पहिल्या दिवशी पन्नास जण आले आणि विसाव्या दिवशी एकही नाही, तर त्या विसाव्या दिवसाचा जाब साऱ्या वस्तीला द्यावा लागेल. म्हणून पाळी ठरवावी. एकाने तपासणीची तारीख लक्षात ठेवावी, दुसऱ्याने सोबत जावे, तिसऱ्याने औषधे वेळेवर घेतली जातात का ते पाहावे. पात्र गरजवंताला जकातीतून, इतरांना सदक्यातून, बुडालेल्या मजुरीचा आधार द्यावा. शेतमालकाने अशा मजुराला फवारणीऐवजी बरे होईपर्यंत हलके काम द्यावे.

हा मजूर मुस्लिम नसेल तर? आपल्या सेवेत असलेला एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा प्रेषित (स.) स्वतः त्याच्या घरी गेले होते. शेजाऱ्याच्या हक्काला धर्माची अट नाही.

सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, अंतिम दिनी अल्लाह आपल्या दासाला आजाऱ्याच्या न घेतलेल्या भेटीबद्दल विचारील आणि सांगेल की, तू गेला असतास तर मला त्याच्यापाशी पाहिले असतेस. ती भेट रुग्णालयातच व्हायला हवी, असे तेथे म्हटलेले नाही. कदाचित ती एखाद्या कुडाच्या घरात, तिसऱ्या आठवड्यात, कोणीही येत नसताना आपली वाट पाहत असेल.

अल्लाह सर्व रुग्णांना संपूर्ण शिफा देवो आणि आपणा सर्वांना त्यांचा हक्क शेवटपर्यंत अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.